गाडीचं तोंड महाडकडे

पोलादपुरात एक जुनी रीत होती. कोणी नवा बैल विकत आणला, की त्याला आधी घाट दाखवायचा. म्हणजे गाडीला जुंपून त्याला महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या रस्त्याने पहिल्या मोठ्या वळणापर्यंत न्यायचे, तिथल्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ फोडायचा आणि परत फिरायचे. बैल न बसता वर गेला तर तो आपला. वाटेत बसला तर विकणाऱ्याच्या दारात परत. पुढे गावात सायकली आल्या, फटफटी आली, ट्रक आले, तरी रीत तीच राहिली. मालोजी नावाच्या शेतकऱ्याने भात भरडायचे यंत्र आणले तेव्हा ते घाटात नेता येईना, याची त्याला कितीतरी दिवस हळहळ होती.

विनीतासाठी जुनी मोटार बघायची वेळ आली, तेव्हा तीही घाट दाखवूनच घ्यायची, हे कोणी ठरवले नाही. ते ठरलेलेच होते.

विनीता ही दत्तोपंतांची एकुलती मुलगी. पोलादपूरच्या बाजारात दत्तोपंतांचे किराणा मालाचे दुकान, आणि घर दुकानामागच्या चढावर. विनीता लहान असताना तिला ताप आला. ताप गेला, पण डावा पाय बारीक पडत गेला. चालताना दर पावलाला ती डावा हात गुडघ्यावर दाबायची, तेव्हा कुठे तो पाय तिला पेलायचा. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. खेळाच्या तासाला ती वर्गातच थांबे, आणि ज्यांचे गणित अडले असेल ती मुले खेळ सोडून तिच्याजवळ येत. मुले खेळ सोडून गणिताकडे येतात, असे माझ्या सगळ्या नोकरीत दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मी पाहिले नाही. ती कोणाला उत्तर सांगायची नाही. "आधी सांग, काय विचारलंय?" असे म्हणायची. वाक्य माझेच होते, पण तिच्या तोंडून ते मुलांना जास्त पटायचे.

पुढे ती पुण्याला वसतिगृहात राहून बी. ए. झाली, शिक्षकाची परीक्षाही झाली. एकसष्ट साली महाडला मुलींच्या हायस्कुलात जागा निघाली. मुलाखत चांगली झाली. शेवटी मोठ्या बाईंनी तिच्या पायाकडे न बघता, पण पायाबद्दलच विचारले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल. रोज वेळेवर येता येईल ना?"

"येईन," विनीता म्हणाली.

घरी येऊन तिने वडिलांना सांगितले, "हो म्हणून आलेय, अण्णा. आता कसं जायचं ते बघू."

कसे जायचे हाच सगळा प्रश्न होता. एस. टी.ची पायरी उंच. सकाळची गाडी वरूनच भरून यायची आणि कंडक्टर घंटी मारायच्या घाईत असायचा. एकदा त्या पायरीवरून पडून विनीताचे कोपर फुटले होते. महाडात खोली घेऊन राहावे, तर एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार होईना, आणि तिची आई गोदावरीबाई तर तो विषयच काढू देत नव्हती. ही जागा हातची गेली तर आसपास दुसरे हायस्कूल नव्हते.

"गुरुजी," ती मला एकदा म्हणाली, "एवढं शिकून मी काय करायचं? दुकानात बसून पुड्या बांधायच्या? अण्णा माझ्यापेक्षा बऱ्या बांधतात."

ती हसत होती, पण मला काही हसू आले नाही.

दिवाळी जवळ आली तशी बातमी लागली, की महाडच्या मुरारीशेठनी मोठी मोटार घेतली आहे आणि जुनी लहान मोटार त्यांना काढून टाकायची आहे. मुरारीशेठची महाडात भाताची गिरणी होती. दत्तोपंतांनी आयुष्यात दुकान सोडून दुसरी मोठी वस्तू घेतली नव्हती. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी माझ्याकडे आले. "एकदाच घेता येईल गुरुजी," ते म्हणाले. "चुकली तर दुसरी घेणं होणार नाही."

आम्ही निघालो ते कोंडाजीच्या ट्रकमधून. कोंडाजी हा गावातला सर्वांत जुना ड्रायव्हर. आंबेनळी घाटातून त्याची रोजची ये-जा. मोटारीतले त्याला कळते, याबद्दल गावात दोन मते नव्हती, आणि त्याच्या स्वतःच्या मनात तर मुळीच नव्हती. बरोबर मालोजीही आला. मालोजी घाटाखालच्या कापडे गावचा, दत्तोपंतांचे जुने गिऱ्हाईक. बैलाची पारख करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि खरेदी कशाचीही असो, त्याला घरी बसवत नसे. विनीताला ट्रकमध्ये चढवायला आम्हा दोघांना लागावे लागले. दत्तोपंतांनी वरून हात धरला आणि मी खालून आधार दिला. ती पदर सारखा करून रस्त्याकडे बघत बसली.

गिरणीच्या अंगणात ती मोटार उभी होती. विलायती बनावटीची, लहानशी, पाठ कासवासारखी गोल. रंग एके काळी हिरवा असावा. एका मडगार्डला पोचा आला होता आणि मागच्या काचेला तडा.

"वय झालंय हो, पण अंगानं सुदृढ आहे," मुरारीशेठ म्हणाले. "आमच्या मंडळींनाही मी असंच म्हणतो."

कोंडाजीने बॉनेट उघडले. तेल बघायची कांडी ओढली, बोटावर तेल घेऊन वास घेतला. मालोजीने वाकून आधी पुढचे दोन्ही दिवे न्याहाळले, मग चाकांना हात लावला, मग मोटारीच्या पाठीवर थाप मारली.

"काय बघतोस रे?" कोंडाजी म्हणाला. "शेपूट मागल्या अंगाला हाय."

"दात कुठं असतात तेवढं सांग. वय मी सांगतो."

"दात गिअरच्या पेटीत असतात. हात घाल, म्हणजे कळंल."

मुरारीशेठ हसले. कोंडाजीने पायाखालची चटई उचलली. तिथे पत्र्याला पावसाने खाल्ले होते आणि रुपयाएवढ्या भोकातून खालची माती दिसत होती.

"हवा येते," मुरारीशेठ तत्परतेने म्हणाले.

"पावसाळ्यात पानी पन येत आसंल."

"मग पाय धुवायला थांबायला नको."

बॅटरी उतरलेली होती. कोंडाजीने पुढून लोखंडी हँडल घातले आणि फिरवले. मोटार दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा चालू झाली. नळीतून निघणारा धूर त्याने बराच वेळ बघितला. पांढरा होता, निळा नव्हता. निळा असता तर इंजिन तेल पिते असे समजायचे, हे त्याने मला सांगितले, कारण मी विचारले. मला कोणी काही समजावून सांगत असले की मी विद्यार्थ्यासारखा ऐकतो. उद्या ते मुलांना सांगता येते.

आम्ही सगळे पुरुष बॉनेटमध्ये डोकी घालून उभे होतो. मी सहज मान वर केली, तेव्हा विनीता मोटारीच्या दुसऱ्या बाजूला होती. तिने दार उघडले. आधी पाठमोरी होऊन सीटवर बसली, मग डावा पाय हाताने उचलून आत घेतला आणि दार लावले. दार लागल्याचा आवाजही नीटसा झाला नाही. कोणाला हात धरावा लागला नव्हता. ती चाकाच्या मागे, समोरच्या गिरणीच्या भिंतीकडे बघत नुसती बसून राहिली, आणि जरा वेळाने उतरली, तेही एकटीच.

मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ त्या वेळी पुरता ध्यानात घेतला नाही.

"दोन दिवस न्या," मुरारीशेठ म्हणाले. "दाखवा तुमचा तो घाट. पण रविवारी खेडहून एक गृहस्थ येणार आहेत बघायला. तोवर हो किंवा नाही सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच जण त्या लहान मोटारीत बसून घाटाला निघालो. पुढे कोंडाजी आणि दत्तोपंत, मागे मालोजी, विनीता आणि मी. मालोजीच्या मांडीवर नारळ. वर आणखी एक तांदळाचे पोते डिकीत ठेवलेले, कारण जनावराची परीक्षा रिकाम्या गाडीवर होत नाही, असे मालोजीचे म्हणणे. ऑक्टोबरचे ऊन होते. कापडे गाव मागे पडले आणि चढ सुरू झाला. कोंडाजीने गिअर खाली घेतला. इंजिनाचा सूर आधी भरदार होता, मग रडवेला झाला. पहिले मोठे वळण दिसू लागले, शेंदराचा दगडही दिसला, आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली. मोटार दोन हिसके देऊन थांबली.

"चा झाला रे कोंडाजी," मालोजी म्हणाला. "पेले काढ."

कोंडाजी हसला नाही. त्याने उतरून मागच्या चाकाला दगड लावला, ओले पोतेरे हातात धरून रेडिएटरचे झाकण सैल केले आणि लांब उभा राहिला. पाणी उकळून बाहेर येत होते.

"संपलं पंत," तो म्हणाला. "आंबेनळी चढली ती गाडी. बाकी सगळा पत्रा."

"बसला," मालोजी म्हणाला, आणि नारळ पुन्हा पिशवीत ठेवला.

दत्तोपंत रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकले. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. रात्रभर जागून त्यांनी मन तयार केले होते, आणि आता ते मन परत दुकानाच्या गादीवर नेऊन ठेवायचे होते. "राहू दे," ते म्हणाले. "नशिबात नाही म्हणायचं. विनू, मी मोठ्या बाईंना भेटून सांगेन."

विनीता मोटारीतच बसली होती. तिने खिडकीची काच खाली केली.

"गुरुजी, काय विचारलंय?"

"काय?" मी म्हणालो.

"गणितात. आधी काय बघायचं?"

"काय विचारलंय ते."

"मग सांगा. शाळा कुठे आहे?"

"महाडला."

"मग आपण सगळे महाबळेश्वरकडे तोंड करून कशाला उभे आहोत?"

मालोजी मोठ्याने हसू लागला. त्याने वर घाटाकडे बघितले, खाली दरीकडे बघितले आणि पुन्हा हसला.

"पन ताई," कोंडाजी म्हणाला, "आज ना उद्या घाट चढायची येळ येल का नाय?"

"आली तर तुमचा ट्रक आहे की, कोंडाजीदादा."

"आनि पाच मानसं, पोतं?"

"मी एकटी असेन. डब्यासकट."

कोंडाजीने मान खाजवली. इतकी वर्षे तो घाटात गाड्या पारखत होता, आणि त्याचे काही चुकले नव्हते. त्याच्या सगळ्या गाड्या घाटातच जायच्या होत्या. "सपाटीला कशाला उकळंल," तो हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "रेडिएटर गाळानं भरलाय, तो धुतला तर बराच फरक पडंल. सपाटीला नाय उकळायची ही."

पण दत्तोपंत दगडावरून उठले नव्हते. "विनू, आणि वाटेत बंद पडली तर? तू एकटी. सावित्रीच्या पुलाजवळ चिटपाखरू नसतं संध्याकाळी."

"पडेल एखाद्या दिवशी बंद," विनीता म्हणाली. "पण तो एखादा दिवस असेल, अण्णा. आत्ता माझी गाडी रोजच बंद आहे."

दत्तोपंतांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग ती पुन्हा काढली. "मग बघायचं काय?" त्यांनी विचारले. "घाट नाही, तर काय?"

तेव्हा तिने सांगितले. मोटारीत स्वतः चढता-उतरता आले पाहिजे. ते तिने कालच बघून ठेवले होते. सकाळी हँडल न मारता चालू झाली पाहिजे, कारण हँडल काही तिच्याने फिरणार नव्हते. म्हैस आडवी आली तर सरळ रेषेत थांबली पाहिजे. "आणि," ती म्हणाली, "क्लच माझ्या पायानं दबला पाहिजे. तो दबला नाही, तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही."

आता सगळ्यांच्या लक्षात आले. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो.

पाणी निवल्यावर आम्ही घाट उतरलो. उतरताना कोंडाजीचे मोटारीकडे बघणे बदलले होते. तो वर जाताना इंजिन ऐकत होता, खाली येताना ब्रेक तपासू लागला. "डावीकडं खेचतोय," तो म्हणाला. "ह्ये बघा. पाय दाबला की नाक वळवतेय. उकळलेलं पानी थंड होतं पंत, पन ह्ये करून घेतल्याबिगर गाडी घेऊ नका." घाटात नेऊन काहीच हाती लागले नाही असेही म्हणता येणार नाही. खोट सापडली, फक्त ज्या खोटीसाठी गेलो होतो ती नव्हे.

शनिवारी सकाळी नदीकाठच्या कोरड्या माळावर आम्ही जमलो. दिवाळीची सुट्टी लागली होती, त्यामुळे माझ्या वर्गाची निम्मी मुलेही जमली. त्यांना मी लांब जांभळीखाली बसवले आणि सांगितले, की मोटार जवळ यायला लागली तर उठून पळायचे, टाळ्या वाजवत बसायचे नाही.

विनीता चाकामागे बसली. कोंडाजी शेजारी. तिने सवयीप्रमाणे डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि पाय दाबला. क्लच अर्धा खाली गेला आणि तिथेच अडला. पुन्हा दाबला. पुन्हा तिथेच. तिच्या कपाळावर घाम आला. आणि समजा हाताने दाबून तो खाली गेलाच असता, तरी गिअर कोणत्या हाताने बदलायचा? उजवा हात चाकावर, डावा गुडघ्यावर.

दत्तोपंत माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला होता आणि तो इतका घट्ट, की दुखायला लागले.

विनीताने पाय काढून घेतला. मग कोंडाजीला म्हणाली, "दादा, मी उभी कशी राहते, माहितीये? गुडघा हातानं मागे दाबला की पाय काठीसारखा ताठ होतो. ताठ झाला की मग हात काढला तरी चालतं. जोर मांडीत नाहीच माझ्या. कमरेत आहे."

"मग?"

"मग इथे पाय ताठ झाला तरी तो क्लच खालपर्यंत दाबायला पोचतच नाही. मी फार मागे बसलेय."

सीट पुढे सरकत होती तेवढी सरकवली. पुरले नाही. तेव्हा मालोजी माळ ओलांडून जवळच्या घरातून एक गोधडी घेऊन आला आणि घडी करून तिच्या पाठीमागे घातली. तरी चार बोटे कमी पडली. चार बोटे म्हणजे काय मोठे! बाजारातल्या चांगू सुताराने सागाचा एक ठोकळा क्लचच्या पट्टीवर तारेने आवळून बसवला. त्याने फक्त एवढेच विचारले, की कोणाची चप्पल मापाला धरू? विनीताने आपली दिली.

ती पुन्हा बसली. हाताने गुडघा दाबला, पाय ताठ झाला, आणि तिने कमरेतून रेटा दिला. ठोकळा खाली गेला. शेवटपर्यंत गेला. तिने डावा हात गुडघ्यावरून उचलला आणि हवेत धरला, सगळ्यांना दिसेल असा. पाय तिथेच होता.

"राहिला!" जांभळीखालून एक मुलगी ओरडली. तिला नक्की काय राहिले ते कळले नसावे, पण आमच्या चेहऱ्यांवरून काही तरी चांगले झाले एवढे तिने ओळखले होते.

"माझ्या ट्रकचा आसता तर दोन गडी बसवावे लागले आसते त्यावर," कोंडाजी म्हणाला. "बारीक गाडीचं बरं आसतं ह्ये."

दाबणे जमले, पण सोडणे त्याहून अवघड होते. क्लच हळूहळू सोडायचा असतो. तिचा पाय एकदम सुटायचा आणि मोटार बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. पहिल्या उडीला मुले हसली. दुसऱ्या उडीला विनीताच हसली. मग मुलांनी हसणे सोडून दिले आणि प्रत्येक वेळी मोटार थोडी लांब गेली का ते ती बघू लागली. बंद पडली की सगळी धावत जाऊन ढकलायची, आणि ती चालू झाली की मी सांगितले होते त्याच्या बरोबर उलट, टाळ्या वाजवत मागे पळायची. उन्हे वर आली तेव्हा विनीताने हाताने गुडघा धरून क्लच सावकाश सोडायची स्वतःची एक पद्धत बसवली होती. मोटार गुरगुरली, हलली, आणि उडी न मारता सरळ नदीच्या बाजूला चालू लागली.

"ब्रेक!" दत्तोपंत ओरडले.

तिने ब्रेक दाबला. मोटारीने नाक डावीकडे वळवले आणि थांबली.

"हा एवढा दुरुस्त करून द्या म्हणावं शेठना," विनीता खिडकीतून म्हणाली. "आणि रेडिएटर धुऊन. मग हो म्हणून सांगा."

"आणि हँडल?" मी विचारले. "नवी बॅटरी घातली तरी हिवाळ्यात ती रोज उठेल असं नाही."

"आपलं घर चढावर आहे, गुरुजी. रात्री तोंड उताराकडे करून लावायची. ब्रेक सोडला की घरंगळेल आणि क्लच सोडला की चालू होईल. आत्ता मुलांनी ढकलल्यावर होत होती तशी."

"आणि महाडला?"

"शाळेच्या फाटकापुढे चांगला उतार आहे. मुलाखतीच्या दिवशी चढताना मला तो नकोसा झाला होता."

मुरारीशेठनी ब्रेक दुरुस्त करून दिला, रेडिएटर धुऊन दिला, आणि पत्र्याच्या भोकावर डबा कापून पट्टीही मारून दिली. "हवा बंद झाली," ते म्हणाले. "त्याचे वेगळे पैसे नाहीत." कोंडाजीने रोज सकाळी ट्रक काढायच्या आधी विनीताला शिकवले. अलिबागेहून शिकाऊ परवाना आला. मोटारीच्या पुढे-मागे शिकाऊ ड्रायव्हरच्या लाल अक्षराच्या पाट्या लागल्या, आणि पक्का परवाना येईपर्यंत कोंडाजीने शेजारी बसायचे ठरले. गोदावरीबाईंनी मोटारीला हळदकुंकू लावले, आणि मग कोणी बघत नाही असे पाहून त्या सागाच्या ठोकळ्यालाही लावले.

शाळा उघडायच्या दिवशी मला महाडला काम आहे, असे मी सांगितले. काम काही नव्हते. पुढे विनीता, शेजारी कोंडाजी, मागे मी. दत्तोपंतांनी दुकानाची फळी अर्धी काढून ठेवली होती आणि ते तिथेच उभे होते. विनीताने ब्रेक सोडला. मोटार उतारावरून घरंगळत बाजारापर्यंत गेली, एक हिसका बसला आणि चालू झाली. तिठ्यावर एक रस्ता घाटाकडे जातो आणि एक महाडकडे. तिने महाडकडे वळवली.

रस्ता सावित्रीच्या काठाने जातो. भात कापणीला आले होते. पुलाच्या अलीकडे खरोखरच एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती. विनीताने पाय दाबला आणि मोटार सरळ थांबली, नाक न वळवता. म्हशीने आमच्याकडे बघितले, आम्ही म्हशीकडे. कोंडाजीचा उजवा पाय मात्र विनीताच्याही आधी खाली दाबला गेला होता, नुसत्याच पत्र्यावर.

शाळेच्या फाटकापुढे विनीताने मोटार तोंड उताराकडे करून लावली. मुली गोळा झाल्या. तिने दार उघडले, पाय हाताने बाहेर ठेवला आणि उठली. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या.

"अजून घंटा व्हायचीय," त्या म्हणाल्या. "या, आत येऊन बसा."

विनीता गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढू लागली. दोन मुली तिची पिशवी घ्यायला पुढे झाल्या. त्यांतली एक तिला विचारत होती, की बाई, मोटार तुमचीच का?

संध्याकाळी परत निघताना कोंडाजी मोटारीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "ताई, मी काय म्हनतो, रेडिएटर आता साफ हाय. मानसं कमी नेऊ, पोतंबितं काय नको. येक डाव हिला घाट दाखवूच या. वळनापर्यंत. मालोजीचा नारळ अजून तसाच हाय."

"दाखवा की, रविवारी," विनीता ब्रेक सोडता सोडता म्हणाली. "पण सोमवारी सकाळी ती मला दारात हवी. तोंड उताराकडे करून."